पोच कुणी घेतली?

जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीचा सर्व्हर भर दुपारी, ऐन सौद्याच्या वेळी अर्धा मिनिट गप्प बसायचा. शेतकऱ्याची पट्टी निघायची नाही, आणि शेठजींचा मला फोन: “सायेब, तुमचं यंत्र पुन्हा पेंगायलंय.”

मी संभाजीनगरात, तो सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सच्या पोटात डोकं घालून. पट्टी काढणारा प्रोग्राम ‘डी’ अवस्थेत दिसायचा. म्हणजे डिस्ककडे मागणी गेलीय, पोच आल्याशिवाय हा हलणार नाही. ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे प्रोग्रामला जागीच संपवायचा हुकूम, मारून पाहिला. हा सिग्नल म्हणजे साक्षात यम, पण डी अवस्थेतल्या गड्यापुढं यमही उंबऱ्यावर ताटकळतो. (आमचे तात्या जेवायला बसले की हेच.)

मग म्हटलं, पोच कुठं अडते तेच बघू. मागणी डिस्ककडे निघाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक खूण सोडतो, पुरी झाली की दुसरी. परफ नावाच्या अवजारानं दोन्ही पकडल्या. मागणीच्या ओळीत आमच्या प्रोग्रामचं नाव होतं, पोचेच्या ओळीत मात्र ‘स्वॅपर’. शेकडो ओळी, जिथं तिथं हाच! सापडला चोर. मेमरी कमी पडली की तिच्यातलं सामान डिस्कवर हलवायची सोय म्हणजे स्वॅप, त्याचाच हा कुणी असणार. मी स्वॅप बंद केला. स्वॅपर तिथंच. सर्व्हर बंद करून चालू केला. स्वॅपर तिथंच. शेठजींना तर “व्हायरस असेल” असंही सांगून बसलो, त्याची अजून लाज वाटते.

तेवढ्यात जिंतूरहून आईचा फोन. गावाकडून येणाऱ्या कुणाच्याही हाती ती डबा धाडते.

“डबा पोचला का रे?”

“पोचला. खाली वॉचमनकाकांनी घेतलाय.”

“आन् तू काय करायलास? त्यांच्याच पोटात जाऊ देतूस का?”

फोन ठेवला आणि स्वॅपर म्हणजे आहे तरी कोण, ते एकदाचं वाचलं. प्रोसेस क्रमांक ०. सीपीयूला काम नसलं की हा बसून राहतो. नाव जुन्या काळचं चिकटलेलं, स्वॅपशी आता काडीचा संबंध नाही. काम झालं की डिस्क इंटरप्ट देते, म्हणजे सीपीयूला मधेच हाक मारते, आणि त्या क्षणी त्या सीपीयूवर जो असेल त्याचं नाव ओळीत पडतं. पारावर निवांत बसलेल्या माणसाच्या हाती पोस्टमन अख्ख्या गल्लीची पत्रं देऊन गेलेला, आणि मी दोन दिवस त्याच्यावर खटला चालवत होतो.

नावं सोडली आणि सेक्टर क्रमांकावरून, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या नंबरावरून, मागणी-पोचेच्या जोड्या लावल्या. बहुतेकांची पोच काही मिलिसेकंदांत. दोन-तीन मात्र ३० सेकंदांच्या जरा वर, आणि सगळ्या सारख्याच! हा आकडा डिस्कचा नव्हे, कर्नलचा. डिस्कनं तोंडच उघडलं नाही तर तो एवढी वाट बघतो, मग डिस्कशी असलेली जोडणी नव्यानं सुरू करून मागणी पुन्हा धाडतो. हे सगळं कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. तो साधा लॉग वाचायचा तर मग इंजिनिअर कशाला झालो?

जालन्याला गेलो. “लई तापतंय” म्हणून पोरांनी सर्व्हरचं झाकण काढून ठेवलेलं, आणि त्याला खेटून कूलर. डिस्कला जोडणारी साटाची केबल अर्धी निसटलेली. दुपारी कूलर लागला की तीही थरथरायची. केबल बदलली, कूलर हलवला, शेठजींनी चहा पाजला. व्हायरसचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

रात्री घरी येऊन डबा उघडला. आई नेहमी दहा दशम्या देते. सहाच होत्या.