ट्रेलरवरून उतरलेल्या गाडीचं इंजिन खोलायची घाई करू नका

मे-जून आला की लडाखला निघालेल्या रायडर मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. गाडी पुण्या-मुंबईहून ट्रकने, ट्रेलरने किंवा रेल्वेने चंदीगडला नाहीतर मनालीला पाठवली, की तिथे उतरवल्यावर इंजिनाचा आवाज बदललेला असणारच, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. कारणंही दिलेली असतात. पंधराशे-दोन हजार किलोमीटरच्या हादऱ्यांनी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सुटतात, टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी इंजिनातली साखळी) ढिली पडते, क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) बेअरिंग उभ्या जागी खराब होतात, आणि गाडी गिअरमध्ये बांधली असेल तर गिअरबॉक्सही जातो. मग उपाय: उतरवल्याबरोबर जोरात रेस देऊन ऑईल फिरवा, जाड ऑईल भरा, आणि तरी आवाज राहिला तर पुढे निघण्याआधी इंजिन खोलून घ्या.

आवाज बदलतो हे पुष्कळदा खरं असतं. दिलेली कारणं मात्र जवळजवळ सगळी चुकीची आहेत आणि शेवटचा सल्ला घातक आहे. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, पत्र्याच्या शेडमध्ये, योग्य गॅस्केट हाताशी नसताना उघडलेलं चांगलं इंजिन पुन्हा तसंच बांधलं जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. सुट्टीचे दिवस आणि पैसे जातात ते वेगळंच. म्हणून हा सल्ला मुद्द्या-मुद्द्याने तपासायला हवा.

"हादऱ्यांनी टॅपेट आणि आतले नट सुटतात."

इंजिनाच्या आत रोज काय चालतं ते आधी बघू. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं जुनं, ३४६ सीसीचं इंजिन घ्या. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिलिमीटर. ५,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ८३ वेळा खाली जाऊन वर येतो आणि प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्या टोकांवर त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या हजार पटींहून जास्त असतो. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने हे कोणालाही काढून बघता येईल. ट्रकच्या हौद्यात एखाद्या वाईट खड्ड्यावर बसणारा दणका याच्या जवळपासही येत नाही. जो लॉकनट हायवेवर तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनात टिकतो, तो बंद इंजिनात, ट्रकवर उभ्या असलेल्या गाडीत आपोआप सुटत नाही. सुटला असेलच, तर तो आधीच नीट आवळलेला नव्हता.

"टायमिंग चेन ढिली पडते."

इथे सल्ला देणाऱ्यांनी काहीतरी खरं ऐकलेलं असतं, पण त्याचा अर्थ उलटा लावलेला असतो. काही इंजिनांत चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑईलच्या दाबावर चालतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्यातलं ऑईल हळूहळू झिरपून खाली सम्पमध्ये (ऑईल साठतं त्या तळाच्या जागेत) जातं आणि पहिल्या स्टार्टला क्षणभर खडखड होते. जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेट-क्लासिकमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे, टॅपेट आहेत, तिथेही हेच होतं: ऑईल पोचेपर्यंत टिकटिक, मग शांत. याचा ट्रेलरशी काही संबंध नाही. तीच गाडी तेवढेच दिवस घरच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवली असती तरी तिने हाच आवाज काढला असता.

टेन्शनर रॅचेटचा, म्हणजे दात्यांवर एकाच दिशेने पुढे सरकणारा, असेल तर तो मागे सरकतच नाही, त्याची रचनाच तशी असते. इंजिन गरम झाल्यावरही चेनची खडखड राहिली, तर चेन किंवा टेन्शनर गाडी चढवण्याआधीच झिजलेला होता. आता नव्या जागी, नव्या काळजीने कान लावल्यावर तो ऐकू आला, इतकंच. आणि गोदामाच्या पत्र्याखाली, दोन भिंतींच्या मध्ये चालू केलेली गाडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजते. आवाजाबद्दल मत बनवायचं तर गाडी आधी मोकळ्या जागेत आणा.

"उभ्या गाडीची क्रँकची बेअरिंग हादऱ्यांनी जातात."

सगळ्या सल्ल्यात हा एकच मुद्दा खऱ्या विज्ञानावर उभा आहे, म्हणून त्याला जरा जास्त वेळ देतो. न फिरणाऱ्या बेअरिंगवर भार असेल आणि त्याला बारीक हादरे बसत राहिले, तर प्रत्येक बॉल एकाच जागी घासत राहतो. मधला ग्रीसचा थर बाजूला सरतो आणि धातूवर धातू घासून बॉलच्या अंतराने खळगे पडतात. अमेरिकेत जे. ओ. आल्मन यांनी १९३७ मध्ये यावर लिहिलं. गिऱ्हाइकाने नवी मोटारगाडी वापरण्याआधीच तिच्या चाकांची बेअरिंग खराब झालेली आढळत होती आणि वाहतुकीचं अंतर जितकं लांब, तितकं नुकसान जास्त होतं.

ती बेअरिंग चाकांची होती, हे विसरायचं नाही. चाकाच्या बेअरिंगवर सगळ्या गाडीचं वजन असतं. मोटरसायकल ट्रेलरवर पट्ट्यांनी खाली खेचून बांधली की त्यात पट्ट्यांच्या ताणाची भर पडते, आणि हँडल खेचलेलं असल्याने कोनसेटवरही (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवरही) ताण राहतो. क्रँकच्या बेअरिंगवर मात्र उभ्या इंजिनात फक्त क्रँकचं आणि त्याला जोडलेल्या भागांचं वजन असतं. जिथे ऑईल नेहमी खेळतं, अशा जागी काही किलोंचा हा भार.

म्हणजे वाहतुकीने बेअरिंग बिघडलंच असेल तर ते चाकात किंवा कोनसेटमध्ये शोधा. शोधणं सोपं आहे. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. चाक हाताने फिरवून घरघर ऐका. नंतर शांत रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना क्लच दाबून इंजिन स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच्या सर्वात कमी गतीवर) येऊ द्या. आवाज तसाच चालू राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर त्याचा इंजिनाशी संबंध नाही. केवळ एवढी एक चाचणी केली असती तर कितीतरी इंजिनं उघडली गेली नसती.

"गिअरमध्ये बांधली म्हणून गिअरबॉक्स गेला."

मागचं चाक फिरत नसेल तर गिअरबॉक्समध्ये काहीच फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी उलट पुढे-मागे सरकत नाही, म्हणून अनेक जण मुद्दाम तसं ठेवतात. मागचं चाक जमिनीवर ठेवून गाडी ओढत नेली असेल तर गोष्ट वेगळी, पण ट्रेलरवर चढवलेल्या गाडीला ते लागू होत नाही.

मग आवाज येतो कुठून?

हा प्रश्न त्या सल्ल्यात विचारलेलाच नसतो. सगळ्यात आधी पेट्रोल आणि ऑईल बघा. खरं नुकसान होऊ शकतं ते इथेच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे साधारण एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांआधीच्या बऱ्याच गाड्यांत, पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर वाटेतल्या खड्ड्यांवर कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) उसळत राहतो. पेट्रोलची वाट बंद करणारी सुई जागेवरून उचलली जाते आणि पेट्रोल थेंबथेंब पुढे जातं. ते ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडलं तर ठीक. नाहीतर सिलिंडरमध्ये उतरतं आणि रिंगांच्या बाजूने ऑईलमध्ये मिसळतं. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला सांभाळू शकत नाही आणि सगळं इंजिनच बोथट, सैल वाजू लागतं. म्हणून गाडी उतरवल्यावर बटण दाबण्याआधी ती सरळ उभी करा, डिपस्टिक काढा, पातळी बघा आणि वास घ्या. पातळी चढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नका. ऑईल बदला, मग चालू करा. किक मध्येच दगडासारखी अडली तर जोर लावू नका, सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून आधी ते बाहेर येऊ द्या.

रेल्वेने गाडी पाठवताना टाकी रिकामी करावी लागते. उतरवल्यावर लोक बाटलीभर पेट्रोल ओततात आणि निघतात. इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोलमध्ये बुडालेला नसला की किणकिणतो, इंजिन अडखळतं, आणि तो आवाज टाकीखालून येत असल्याने सगळे हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) संशय घेतात. टाकीत पुरेसं पेट्रोल भरलं की बहुतेक वेळा तो थांबतो.

यानंतर बाहेरच्या गोष्टी. पट्टा सायलेन्सरवरून किंवा बेंड पाइपवरून घेतला असेल तर हेडजवळचा जोड हलतो. तिथून निसटणारी हवा थंड इंजिनात अगदी टॅपेटसारखी टिकटिक करते आणि पाइप तापून फुगला की कमी होते. ही टिकटिक टॅपेटची समजून हेड उघडणं ही मला सगळ्यात वाईट वाटणारी चूक आहे, कारण इलाज फक्त दोन नट आवळण्याचा किंवा एक गॅस्केट बदलण्याचा असतो. सायलेन्सरचं पत्र्याचं कव्हर, त्याचे स्क्रू, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, चेन कव्हर, नंबरप्लेट हे सगळं एकदा हाताने हलवून बघा. पट्ट्याखाली क्लचची केबल ओढली गेली असेल तर लिव्हरला मोकळीक राहत नाही. अ‍ॅक्सिलरेटरची ओढली गेली असेल तर हँडल वळवल्यावर स्लो वर-खाली होतो, आणि स्लो बदलला की इंजिनाचा आवाजही बदलतो. उघड्या ट्रेलरवर पाऊस-धुळीत आलेली मागची चेन कोरडी पडते आणि तिची खरखर पायाखालून, इंजिनातून आल्यासारखी वाटते.

एवढं करूनही आवाज राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावा आणि टोक आळीपाळीने हेड, मॅग्नेट कव्हर, क्लच कव्हर यांच्यावर टेकवा, चेनपासून हात दूर ठेवून. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर तपास क्लच साइडला न्या. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता पाना हातात घेणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे थांबवायचा हक्क तुम्हाला आहे.

"जोरात रेस द्या, जाड ऑईल भरा."

दोन्ही नको. दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या इंजिनात वर कॅमपाशी ऑईलचा जेमतेम थर उरलेला असतो. नेमकं तेव्हा रेस दिली तर ऑईल पोचण्याआधीच भाग जोरात घासतात. किक असेल तर इग्निशन बंद ठेवून काही किक मारा, मग चालू करून स्लोवर राहू द्या. जाड ऑईल आवाज दाबतं, दोष नाही. शिवाय थंड सकाळी ते वर चढायला जास्त वेळ लावतं, आणि लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पुस्तिकेत दिलेली ग्रेड तिथेही तीच ठेवा.

इंजिन खोलावं लागणारे आवाज आहेत, ते मी नाकारत नाही. खालून, क्रँककेसमधून येणारा जड ठोका, जो गरम झाल्यावर वाढतो आणि चढावर लोड आला की स्पष्ट होतो. सोडलेल्या ऑईलमध्ये चकाकणारा धातूचा चुरा. ऑईलचा लाल दिवा जो स्टार्टनंतर विझत नाही. यातलं काहीही दिसलं तर गाडी पुढे नेऊ नका आणि चांगल्या वर्कशॉपमध्येच उघडा.

वाहतूकदाराशी नंतर वाद होऊ नये म्हणून एक गोष्ट चढवण्याआधीच करून ठेवा. सकाळी थंड इंजिन चालू करून त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, सोबत ऑईलच्या पातळीचा आणि किलोमीटरचा फोटो. पोचल्यावर तसाच, थंड इंजिनाचा, तितक्याच अंतरावरून दुसरा रेकॉर्ड करा आणि दोन्ही एकामागून एक ऐका.