पेवातला माल

आमच्या कॉलनीत सध्या एकच बातमी फिरतेय. हिनं म्हणे सासू-सासऱ्यांसकट सगळ्या घराला गोवा फुकटात करून आणला. परवा भाजी घेताना एका काकूंनी गाठलंच, "आमच्या पोरालाही सांग की गं, ते फुकटचं कसं करायचं." कोथिंबिरीच्या जुड्या हातात धरून हे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि घर सांगलीत, विश्रामबागला. महिन्यातले आठ-दहा दिवस हैदराबाद नाहीतर चेन्नई. मुक्काम शक्यतो एकाच हॉटेल साखळीत करते. बिल कंपनी भरते, पॉइंट्स, म्हणजे पुढे पैशांऐवजी खोलीसाठी वापरता येणारे गुण, राहणाऱ्याच्या खात्यात पडतात. चार वर्षांत ते अडीच लाखांच्या वर गेले. साखळीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

आमचे अण्णा, म्हणजे सासरे, यांनी मार्केट यार्डात पस्तीस वर्षं हळदीची अडत चालवली. त्यांना पॉइंट्स समजावायला तासभर लागेल असं वाटलं होतं. दोन मिनिटांत त्यांनीच मला कोंडीत पकडलं. "भाव कोण ठरवतं?" म्हटलं, हॉटेलवाले. "आणि माल कुणाच्या ताब्यात?" त्यांच्याच. "म्हणजे पेवही त्यांचं आणि काटाही त्यांचाच. आणि तू चार वर्षं भरतीयस?"

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरण्यापुरतं आणि आत पोट मोठं. इथे जवळच हरिपूरला ही पेवं होती. आत माल वर्षानुवर्षं टिकायचा, कीड लागायची नाही. मात्र उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडून बघायचं, विझला तर आत हवा नाही. 2005 च्या पुरात ही पेवं पाण्याखाली गेली. अण्णांचाही माल होता त्यात. उन्हाळ्यात बरा भाव आला होता, तेव्हाच काढायचा होता, पण आणखी चढेल म्हणून थांबले. हे त्यांनी मला लग्नानंतर बारा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, तेही मोबाइलमधलं पॉइंट्सचं खातं बघताना.

थांबण्यात मीही कमी नव्हते. दक्षिण गोव्यातलं हे रिसॉर्ट मी दोन वर्षांपूर्वी बघून ठेवलं होतं, तेव्हा एका रात्रीला 22 हजार पॉइंट्स पडत होते. आणखी साठू देत म्हटलं. यंदा बघते तर 30 हजार. ना पत्र, ना सूचना. पूर्वी बऱ्याच साखळ्यांकडे ठरलेला तक्ता असायचा, अमुक दर्जाच्या हॉटेलला अमुक पॉइंट्स. मॅरियटने तो 2022 मध्ये मोडीत काढला, हयातकडे तक्ता अजून आहे. ॲकॉरचा हिशेब सगळ्यात सरळ, 2000 पॉइंट्स म्हणजे बिलातले 40 युरो. जिथे तक्ता नाही तिथे रोजचा भाव वेगळा. दिवाळीच्या आठवड्यात तर पॉइंट्सवर खोली दाखवतच नव्हती. शाळेच्या सुट्टीच्या अगदी शेवटी मिळाली.

अण्णांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. खोलीचं भाडं 14,500, साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17,110. पॉइंट्सवर चार रात्री घेतल्या की पाचवी वर मिळत होती. पाच रात्री, दोन खोल्या, लागले 2 लाख 40 हजार पॉइंट्स. एका पॉइंटला 71 पैसे आले. "बरा आहे भाव," म्हणाले, "आजच काढ." मग चष्मा पुसत विचारलं, "पण माल खरा कुणाचा? बिल कंपनीचं ना?"

हा प्रश्न मला लागला. यार्डात नमुना म्हणून शेतकऱ्याच्या पोत्यातून मूठ-मूठ हळद काढतात, ती जाते कुठे यावरून किती भांडणं झालीत ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कंपनीच्या नियमात पॉइंट्स कर्मचाऱ्याचे असं लेखी आहे, ते मी त्यांना दाखवलं. पण कधी कधी जवळचं स्वस्त हॉटेल सोडून मी लांबच्या "आपल्या" हॉटेलात राहिलेय, हेही खरं. तेवढं नियमात कुठे लिहिलेलं नाही. अण्णा "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"चे किमान चार अर्थ होतात.

आंबोली मार्गे गेलो. खोलीसमोर समुद्र, पोरं दिवसभर पाण्यात. ते फोटो टाकलेच आहेत. फोटोत नसलेलं सांगते. पॉइंट्सच्या खोलीत नाश्ता धरलेला नव्हता. पहिल्या सकाळी सहा जणांचं बिल आलं 5,400 आणि सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवसापासून नवरा सकाळी बाहेर जाऊन भाजी-पाव आणायचा आणि सासूबाई खोलीतल्या किटलीवर चहा करायच्या. पिशवीत भडंग होतंच. सहा माणसांचे वरखर्च, पेट्रोल, जेवणं मिळून तीस हजारांवर गेले. आता याला काकू फुकट म्हणत असतील तर म्हणोत. आणि तीस हजार सोडा, ते अडीच लाख पॉइंट्स साठवताना धाकटीचे दोन वाढदिवस मी व्हिडिओ कॉलवर केलेत.

चौथ्या दिवशी सगळ्यांना घर आठवायला लागलं. अण्णांना पाणी खारट लागत होतं, मोठ्याला क्रिकेट आठवत होतं. सासूबाई म्हणाल्या, "पाचवी रात्र फुकट आहे म्हणून कंटाळा आला तरी राहायचं का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी निघालो असतो तर ती रात्र काही परत मिळणार नव्हती. राहिलो. त्या संध्याकाळी अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकटेच पाण्यात उभे होते, बराच वेळ. मी हाक मारली नाही.

खात्यात आता साडेअकरा हजार उरलेत. अण्णा दर रविवारी विचारतात, "पेवात किती?" सासूबाईंचं म्हणणं, तेवढ्यात कोल्हापूरला एक रात्र बसते का बघ. अंबाबाईचं दर्शन होईल आणि सकाळच्या चहाला घरी येता येईल.