बिल किती फुटांवर?

सांगलीवर इंग्रजांनी थेट राज्य कधी केलंच नाही. पटवर्धनांचं संस्थान होतं. ती राहून गेलेली हौस परवा विश्रामबागेकडच्या एका 'ब्रिटिश पब'नं आमच्यावर भागवून घेतली, तीही ४० टक्के सूट देऊन.

कूपन हळदवाल्याच्या मोबाइलवर आलेलं. हळदवाला, बँकवाला, मास्तर, मेडिकलवाला आणि मी. (शाळेपासूनची दोस्ती, खरी नावं आता फक्त लग्नपत्रिकेवर दिसतात.) अट एवढीच, की ऑर्डर संध्याकाळी सातच्या आत द्यायची. म्हणून मे महिन्यात, उन्हं रस्त्यावर असतानाच, आम्ही दारातल्या लाल टेलिफोनच्या खोक्यापाशी हजर. आत शेकोटी पेटलेली! खोटीच, नारिंगी बल्बची. पण तिच्याकडे नुसतं बघूनच मास्तरनं शर्टाचं वरचं बटण काढलं.

बसलो. कुणी फिरकेना. विलायतेतल्या पबात म्हणे उठून काउंटरवर जायचं, तिथंच सांगायचं आणि ग्लास आपले आपण आणायचे. मालकानं नेमकी हीच चाल तंतोतंत उचललेली. मग रेशनच्या दुकानासारखी रांग लावली. हळदवाल्यानं हात लांब करून मेनू वाचला.

"शेफर्ड्स पाय. म्हणजे पायाच की रं! मेंढपाळाचं म्हटल्यावर माल ताजा असणार."

आला तो बटाट्याच्या लगद्याखाली गाडलेला खिमा. तिखटाची सावलीसुद्धा पडू न दिलेला. हळदवाला पाय शोधत वाडग्याच्या तळापर्यंत गेला आणि हात हलवत परत आला. 'फिश अँड चिप्स'मधला मासा कुठला विचारलं, तर "बासा, सर". म्हणजे मूळ गाव व्हिएतनाम. शेजारी मशी पीज नावाचा हिरवा ऐवज. वाटाण्याची उसळ करायला घ्यावी आणि फोडणीच्या आधीच घरातल्यांनी सोडून जावं, तशी चव. कांदा-लिंबू मागितलं, तर पोरानं टार्टर सॉस आणून ठेवला.

बिअर मात्र थंडगार होती, खोटं कशाला बोलू. फक्त मास्तरची ट्यूब पेटली. "विलायती पिंट ५६८ मिलीचा असतो. ही बाटली ३३०ची. इथंच ४० टक्के सूट झाली की! त्यांना."

सांगलीत इंग्रजांच्या नावाचं खरं काही असेल तर तो आयर्विन पूल. १९२९ पासून कृष्णेचे पूर अंगावर घेत उभा आहे. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना 'कसा आहेस' विचारत नाही, 'पाणी किती फुटांवर?' विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. बिल आलं तेव्हा फोल्डर बँकवाल्याच्या हातात होता, आणि मेडिकलवाल्यानं सवयीनं विचारलं, "किती फुटांवर?" शंभराला एक फूट, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

बँकवाला बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "२०१९."

त्या साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. बिल ५,७४५.

"आणि सूट?"

सूट होती. पण फक्त खाण्यावर, आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'कमाल ५०० रुपये'. खाणं ३,२०० चं. म्हणजे सरळ हिशेबानं १,२८० सुटायला हवे होते. वर जीएसटी, व्हॅट आणि शिवाय ४९० रुपये सेवा शुल्क.

सेवा शुल्क! ग्लास आम्ही वाहिलेले, रांगेत आम्ही उभे. इथं मात्र बँकवाला जागा झाला. २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना, सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, ते ऐच्छिक... असं तो कर्जदाराला नोटीस वाचून दाखवतात त्या सुरात बोलत राहिला. मॅनेजरनं निमूटपणे दुसरं बिल काढलं. ५,२५५. पाणी पाच फूट उतरलं, पण धोक्याच्या वरच.

बाहेर पडलो तेव्हा पाचही जणांना भूक लागलेली होती. उरलेला मासा आणि मशी पीज मास्तरनं पार्सल घेतले होते. पैसे दिलेलं अन्न तो टाकत नाही. कोपऱ्यावरच्या बुर्जीच्या गाडीवर डबा उघडला. बुर्जीवाल्यानं बोटावर थोडं घेऊन चाखलं, आमच्याकडे जरा काळजीनं बघितलं, आणि तव्यावर तेल, कांदा, मिरची, चमचाभर कांदा-लसूण चटणी टाकून सगळं उलथन्यानं परतलं. पाव दाबून भाजले. चार मिनिटांत लंडन सांगलीला लागलं. कुणी बोलेना, नुसता मचमच आवाज.

"तव्याचं चाळीस द्या," तो म्हणाला.

हळदवाल्यानं खिशातून मोबाइल काढला. "कूपन चालतं का?"