‘भोगवटादार’ म्हणजे भाडेकरू नव्हे

मामाच्या दोन एकरांतून रस्ता जाणार आहे. नोटीस येऊन दीड महिना झाला. ती त्याने सातबाऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवली आहे. हरकत घेतलीस का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कशाला? घटनेतूनच हक्क काढलाय आपला." आणि फोन पुढे केला. हाच मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला होता आणि मी तो सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज म्हणतो: १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जमिनीची मालकी संपली, म्हणून सातबाऱ्यावर ‘मालक’ न लिहिता ‘भोगवटादार’ लिहितात, म्हणजे तुम्ही सरकारचे भाडेकरू, मोबदला देणं बंधनकारक नाही, कोर्टात जाता येत नाही, तेव्हा मिळेल त्यावर सही करा.

‘भोगवटादार’ हा शब्द १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. घटनादुरुस्ती त्यानंतर १२ वर्षांनी झाली. वर्ग १चा (ज्याच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधन नाही असा) भोगवटादार जमीन विकतो, गहाण ठेवतो, मुलांच्या नावे करतो. कुठला भाडेकरू हे करतो? सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तो महसुली अभिलेख आहे, इतकं खरं. पण ते आधीपासूनच तसं आहे, दुरुस्तीशी त्याचा काही संबंध नाही.

आता मोबदला. मामाचं नुकसान या मुद्द्याने होणार आहे. दुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(च) आणि ३१ वगळले, मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, हे मान्य. पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३००क घातला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. आणि अनुच्छेद ३१क मधलं एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, तसंच राहिलं. स्वतः कसत असलेली, कमाल जमीनधारणेच्या मर्यादेच्या आतली जमीन सरकारला घ्यायची असेल, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येत नाही. मामा अशीच जमीन कसतो. दुरुस्तीच्या विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनातही अशा शेतकऱ्यांच्या बाजारभावाला धक्का लागणार नाही असं लिहिलं होतं. शिवाय २०१३चा भूसंपादन कायदा आहे. बाजारभावाने काढलेल्या रकमेवर तेवढीच दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई) त्यात द्यावी लागते.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ८ जानेवारी २०२०चा निकाल वाचावा. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन सरकारने १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतली. ना संपादनाची कारवाई, ना पैसा. शेजाऱ्यांना मोबदला मिळाल्याचं कळल्यावर ती २०१० साली उच्च न्यायालयात गेली. सरकारने काय सांगावं? इतकी वर्षं जमीन आमच्या ताब्यात आहे, प्रतिकूल कब्जाने ती आमची झाली. सर्वोच्च न्यायालयाने हे उडवून लावलं. कल्याणकारी राज्य स्वतःच्याच नागरिकाची जमीन असं सांगून गिळू शकत नाही. तेव्हा ती ८० वर्षांची होती. न्यायालयाने तिला मोबदला, दिलासा रक्कम आणि व्याज द्यायला लावलं. जमीन गेली तेव्हा हा हक्क मूलभूत होता आणि तिच्या हातात काही पडलं नाही. पैसे मिळाले ते ३००क च्या काळात, कारण ती कोर्टात गेली.

कोर्टाचा मुद्दा यातच मिटला. अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट बंद झाली, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. उच्च न्यायालयाची वाट, अनुच्छेद २२६, उघडी आहे.

‘मिळेल त्यावर सही करा’ हा सल्ला ज्याने लिहिला, त्याने किती घरांचं नुकसान केलं असेल कोण जाणे. मामाची नोटीस २०१३च्या कायद्याखालची आहे. प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पुढे निवाड्याची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मोबदल्याची, रक्कम घेतानाही हरकत नोंदवूनच घ्यायची. नुसती सही करून पैसे उचलले तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही.

मामाचे पंधरा दिवस उरलेत. काल रात्री आम्ही अर्ज लिहिला: विहीर, पाइपलाइन, बांधावरची अकरा आंब्याची झाडं, एकेक मोजून. सोमवारी दोन प्रती घेऊन जातोय. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.