टीव्हीला मॉनिटर म्हणून विकणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझी भाची लालबागला राहते. दहा बाय बाराची खोली, सीएची आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी, रात्री घरी बसून एक्सेल. स्टायपेंडमधून पैसे साठवून ती लॅमिंग्टन रोडला मॉनिटर घ्यायला गेली, तर एका दुकानदारानं ३२ इंची टीव्ही गळ्यात मारला. मोठा स्क्रीन, घरात टीव्हीही होईल, फुल एचडी 'चालतं'. चालतं म्हणे! टीव्ही १०८०चा, म्हणजे फुल एचडी सिग्नल घेतो, पण पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, १३६६ बाय ७६८चा. म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके), फुल एचडीच्या जेमतेम निम्मे. आलेलं चित्र तो त्यात चेपून बसवतो आणि अक्षरं फुटतात. रोज हाच माल विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल?

संध्याकाळी गेलो तर पोरगी स्क्रीनला नाक लावून बसलेली. "मामा, हा तीन आहे की आठ?" राखाडी रकान्यात लाल रंगातला उणे आकडा. मलाही सांगता येईना. बरेच टीव्ही रंगाची माहिती अर्धी-पाव करून दाखवतात. सिनेमात ते कळत नाही, लाल अक्षरात लगेच कळतं. शिवाय टास्कबार निम्मा पडद्याबाहेर, कारण टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो.

मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइज 'जस्ट स्कॅन' (कडा न कापता) केलं, रंगासाठी इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं, शार्पनेस शून्यावर आणला. टास्कबार दिसायला लागला, लालही बराच सावरला. पण पिक्सेल कुठून आणणार? तिनाचा आठ होतोच आहे. ऑडिटच्या कामात!

४३ इंची फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर चालवला आणि तीनेक फूट लांब बसलं तर काम उत्तम होतं, मान्य. पण ती बसते दीड फुटावर, कारण पलंगानंतर तेवढीच जागा उरते. कुठे बसणार, काय काम करणार, एवढं विचारायला त्या माणसाचं काय जात होतं?

तिनं मात्र एका शब्दानं तक्रार केली नाही. "राहू दे मामा, आईला मालिका बघायला झाला." ताई खूश आहे, हेही खरंच. मग मीच गप्प झालो.

कुणाकडे वापरलेला २४ इंची फुल एचडी मॉनिटर असेल तर इनबॉक्स करा. दादर-परळच्या आसपास असेल तर मी स्वतः येऊन नेतो. आणि येताना लॅपटॉप घेऊन येईन, लाल आकडे वाचून मगच पैसे देईन.