पाच 'हो' आले म्हणून पोरगं व्यसनी?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती आठ प्रश्नांची चाचणी पुन्हा फिरतेय. पाच उत्तरं 'हो' आली की मूल इंटरनेटचं व्यसनी! ही यादी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची, १९९० च्या दशकातली. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन तयार केलेली. त्यातला एक प्रश्न: नेटवर किती वेळ घालवता हे लपवायला घरच्यांशी खोटं बोलता का? आता २०२१ पासून चीनमध्ये १८ वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ. तिथला पोरगा आजोबांच्या नावाने लॉगिन करत असेल, तर ते व्यसन की नुसती पळवाट?

प्रश्नावली वापरण्याआधी तिचीच परीक्षा घ्यावी लागते. तैवानमध्ये ती नीट घेतली गेली. तिथल्या संशोधक चेन यांची चिनी भाषेतली इंटरनेट-व्यसनाची वेगळी प्रश्नावली २६ प्रश्नांची, प्रत्येकाला १ ते ४ गुण. किशोरवयीन मुलांनी ती भरली, मग मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि दोन्ही निकाल ताडून पाहिले. त्यातून दोन आकडे निघाले: चाळणीसाठी ५८, निदानासाठी ६४. म्हणजे ५८ वर फक्त 'याच्याशी बोलून बघा' एवढंच ठरतं. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गळतं.

आणि गणित तर कुणीच करत नाही. समजा १००० मुलांत ५० जणांना खरोखर त्रास आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे त्रास असलेल्यांना पकडण्यात आणि नसलेल्यांना सोडण्यात, ९० टक्के बरोबर आहे. ५० पैकी ४५ सापडतील, छान. पण उरलेल्या ९५० मधलीही ९५ मुलं अडकतील. शिक्का बसलेल्या १४० पैकी ९५ धडधाकट!

त्या ९५ जणांचं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. समुपदेशकासमोर अर्धा तास बसवलं तर काही बिघडत नाही. पण चीनमध्ये 'नेटचं व्यसन' म्हणून आईबापांनी पोरांना लष्करी शिस्तीच्या कॅम्पमध्ये टाकलंय. शांदोंगमधल्या एका रुग्णालयात विजेचे झटके देत होते. २००९ मध्ये आरोग्य मंत्रालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. त्याच वर्षी ग्वांग्शीतल्या कॅम्पमध्ये १५ वर्षांचा मुलगा मारहाणीत गेला.

त्यामुळे ग्रुपवर ज्यांनी काल 'आमच्याचे सहा आले, आता फोन जप्त' असं लिहिलंय, त्यांना एकच विचारतो: ते आठ प्रश्न पोराने सोडवले, की त्याच्या वतीने तुम्हीच?