वर्गणी न मागण्याचा मोठेपणा

वाकडच्या आमच्या सोसायटीत गणपतीची मिटिंग झाली आणि ठराव ग्रुपवर आले. वर्गणी फक्त फ्लॅटमालकांकडून घ्यायची. भाडेकरूंवर ‘आर्थिक भार नको’, म्हणून त्यांना सूट. वॉचमन, हाउसकीपिंगची मुलं आणि घरकामाच्या मावशी यांच्यासाठी महाप्रसादाची पाकिटं गेटवर. कमिटीत बसायचं तर वर्गणी भरलेली हवी, हा नियम जुनाच. खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘यंदाचा उत्सव सर्वसमावेशक!’

मी इंग्लंडात शेफील्डला असते, पण आई तिथे राहते आणि फ्लॅट माझ्या नावावर आहे, म्हणून मी त्या ग्रुपवर. मी एवढंच विचारलं की पंगत क्लबहाउसमध्ये आणि पाकिटं गेटवर, तर समावेश नेमका कुठे झाला? एका काकांनी तत्परतेनं उत्तर दिलं, “ताई, तुम्ही शेफील्डला बसून आम्हाला समाजसेवा शिकवू नका. तिकडे सगळं सरकार करतं. इथे आम्ही खिशात हात घालतो.” त्यावर पटापट अंगठे उमटले. त्यात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचाही होता, ते जरा जास्त लागलं.

आधी ‘तिकडे सगळं सरकार करतं’ निकालात काढते. इथल्या समुद्रात कुणी बुडायला लागलं तर बहुतेक वेळा जी लाइफबोट सुटते ती आरएनएलआय या १८२४ साली स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थेची असते. तिच्यावरचे बहुतेक लोक पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणारे. पेजर वाजला की हातातलं टाकून धावतात. यॉर्कशायरच्या डोंगरात पाय घसरून पडलेल्याला उचलायला येणारं हेलिकॉप्टर देणग्यांवर उडतं. २०२४च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांनी निरनिराळ्या संस्थांसाठी ७ कोटी ३५ लाख पौंड उभे केले. आणि सरकार सगळंच करत असतं तर ट्रसेल या धर्मादाय संस्थेच्या फूडबँकांना २०२३-२४ या एका वर्षात शिध्याची ३१ लाख पाकिटं वाटावी लागली नसती. ही शेवटची गोष्ट अभिमानाची नाही, हे मला कळतं. पण काकांना उत्तर देताना मी तीही वापरणार.

ऑफिसात तर दर आठवड्याला कुणीतरी कशासाठी तरी पैसे मागत असतं. कुणी थ्री पीक्स चढणार, कुणी महिनाभर दारू सोडणार, एकीनं तर दिवसभर न बोलण्याचे पैसे घेतले आणि आम्ही सगळ्यांनी ते फार आनंदानं दिले. देणग्या गोळा करणाऱ्या जस्टगिव्हिंग या संकेतस्थळाची लिंक येते, गिफ्ट एडच्या चौकटीत टिक केली की दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार वरून २५ पेन्स घालतं. बऱ्यापैकी मोठ्या संस्थेचा ताळेबंद घरबसल्या वाचता येतो. तरीही गडबडी होतात. कॅप्टन टॉम मूर नावाच्या म्हाताऱ्या सैनिकानं २०२०च्या लॉकडाउनमध्ये बागेत फेऱ्या मारून कोट्यवधी पौंड जमवले. पुढे त्यांच्या नावानं काढलेल्या फाउंडेशनमध्ये कुटुंबाच्या खासगी हिताची सरमिसळ झाल्याचा ठपका धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशननं २०२४ साली ठेवला. म्हणजे इथे सगळे हरिश्चंद्र आहेत असं माझं म्हणणं नाही. ठपका ठेवला गेला, अहवाल जाहीर झाला, एवढं मात्र नोंदवून ठेवते. आमच्या सोसायटीच्या मागच्या उत्सवाचा हिशेब आईनं मागितला तेव्हा ‘मावशी, विश्वास नाही का?’ असं उत्तर मिळालं होतं.

असो. पैशांपेक्षा मला खुपली ती सूट.

वर्गणी ही महाराष्ट्रात नुसती पैशांची गोष्ट कधीच नव्हती. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणपतीत वाद पेटला होता. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर विचारत होते की उत्सव सार्वजनिक म्हणवता, वर्गणी सगळ्यांकडून घेता, तीत अस्पृश्यांचेही पैसे असतात, मग गणपतीच्या पूजेचा हक्क त्यांना का नाही? बरीच ताणाताणी झाली आणि तडजोड निघाली: अस्पृश्य कार्यकर्त्यानं फुलं पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्यानं ती मूर्तीला वाहायची. तडजोड अर्धवटच. पण तिथवर पोहोचायला हातात काय होतं, तर वर्गणीची पावती. ज्याचे पैसे घेतले त्याला ‘तू कोण?’ असं विचारता येत नाही.

आता आमच्या कमिटीनं काय केलं ते पाहा. ज्यांच्याकडून वर्गणी घेतली असती तर उद्या त्यांनी स्टेजवर यायचा, आरतीला पुढे उभं राहायचा, मुलांना नाचात घ्यायला सांगायचा हक्क मागितला असता, त्यांना आधीच सूट देऊन टाकली. तीही किती प्रेमानं. भाड्यानं राहणारी आयटीतली मुलं आमच्या सेक्रेटरींपेक्षा जास्त कमावतात, त्यांच्यावर कसला आर्थिक भार?

आणि वॉचमन. रात्रपाळीचे वॉचमन नांदेडकडचे आहेत. आई सांगते, त्यांच्या गावी हरिनाम सप्ताह असला की ते सुट्टी काढून जातात, दरवर्षी. माझं आजोळ त्याच बाजूचं असल्यामुळे सप्ताह म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. घरटी धान्य जमवतात, कुणी गूळ देतं, कुणी तेलाचा डबा, काल्याच्या दिवशी घराघरातून पोळ्या लाटून येतात आणि पोरं त्या पाट्यांत गोळा करत फिरतात. ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो पाणी भरतो, पत्रावळी उचलतो, आचाऱ्याजवळ लाकडं सारत बसतो. त्या पंगतींतही कोण कुठे बसणार हे ठरलेलं असायचं, ते मला फार मोठेपणी आठवायला लागलं; लहानपणी फक्त बुंदी दिसायची. पण गावात सप्ताहाची पंगत वाढणारा माणूस वाकडात आला की त्याला पाकीट देऊन गेटवरच थांबवायचं, हे आम्ही शहरात शोधून काढलं.

शेफील्डला आल्यावर पहिली काही वर्षं माझं फार छान स्वागत होत होतं. मुलाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात तर इतकं, की शाळेच्या प्रत्येक जत्रेला माझ्याकडे समोसे मागायचे. आमच्या घरात समोसा कधी झाला नाही. अळूवडी म्हणाले असते तर विचार केला असता. मी रॉदरहॅम रोडच्या दुकानातून विकत आणून, घरी गरम करून, टेबलावर मांडायचे, आणि लोक ‘ऑथेंटिक’ म्हणत खायचे. मग एका उन्हाळ्यात टोम्बोलाच्या, म्हणजे सोडतीच्या टेबलावरची बाई आजारी पडली आणि हेडटीचरनं गल्ल्याचा डबा माझ्या हातात दिला. सुट्टे मोजून, लिहून, संध्याकाळी ट्रेझररला दे म्हणाली. त्या दिवसापासून समोसे बंद झाले, हे मात्र मी स्वतः केलं.

पार्करनमध्येही तसंच. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांपासून सुरू झालेला हा शनिवारचा, फुकटचा, पाच किलोमीटर धावण्याचा उपक्रम. आमचा एंडक्लिफ पार्कात होतो. मी धावते वाईट. गुडघा दुखायला लागला तेव्हा वाट दाखवणाऱ्या मार्शलचं जॅकेट घालून वळणावर उभी राहिले, पुढे धावणाऱ्यांचे बारकोड स्कॅन करायला लागले. तिथे मला कुणी माझ्या देशाबद्दल काही विचारलं नाही. ‘पुढच्या शनिवारी टेल वॉकर कमी आहे, जमेल?’ एवढंच विचारलं; टेल वॉकर म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा. इतकी वर्षं लोक मला ‘तू मूळची कुठली?’ हे अतिशय प्रेमानं विचारत होते, आणि त्या प्रेमाचा मला कंटाळा आला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

शेफील्डनं २००७ साली स्वतःला देशातलं पहिलं ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ जाहीर केलं, आश्रयाला येणाऱ्यांचं शहर. मी ज्या फूडबँकेत डबे लावायला जाते तिथे एक सुदानचे गृहस्थ येतात. आश्रयाचा अर्ज पडून आहे. तोवर पगाराची नोकरी करायची परवानगी नाही, आठवड्याला पन्नास पौंडांहून कमी भत्ता. पण धर्मादाय संस्थेत बिनपगारी काम करायला कायद्याची हरकत नाही. म्हणून ते सकाळी येऊन बीन्सचे डबे तारखेप्रमाणे लावतात, नव्या आलेल्या विद्यार्थिनींना कुठलं शेल्फ कशाचं ते समजावतात, आणि जाताना स्वतःचं पाकीट घेऊन जातात. त्यांना ‘सर’ म्हणतात सगळे, कारण ते गावी शाळामास्तर होते. यात अन्याय आहेच; माणसाकडून काम फुकट करून घ्यायचं आणि पगार मिळू द्यायचा नाही. तरी मला विचाराल तर त्या खोलीत आमच्या क्लबहाउसपेक्षा जास्त समावेश आहे. घेणारा आणि देणारा एकाच टेबलामागे उभे असतात.

काका हे वाचत असतील तर म्हणतील, आणि ऑगस्ट २०२४चं काय? बरोबर. साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली, मारेकरी आश्रयार्थी असल्याची अफवा पसरली, आणि पुढच्या रविवारी इथून फार लांब नसलेल्या मॅन्व्हर्सला आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला जमावानं आग लावायचा प्रयत्न केला. आत माणसं होती. त्या आठवड्यात मी ट्रामनं गेले नाही, पार्करनलाही गेले नाही. सगळी जॅकेटं, सगळे बारकोड, त्या हॉटेलच्या एका व्हिडिओपुढे फिके वाटले. साउथपोर्टच्या मशिदीची पाडलेली भिंत दुसऱ्या दिवशी गावातल्या लोकांनी येऊन पुन्हा रचली, हे मी आईला फोनवर सांगितलं. मॅन्व्हर्सचं तिनं टीव्हीवर आधीच पाहिलं होतं. “इकडे ये,” एवढंच म्हणाली.

इकडे म्हणजे कुठे, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि कदाचित म्हणूनच एका सोसायटीच्या ठरावावर मी इतकं लिहीत बसले आहे.

इथल्या मराठी लोकांत म्हणाल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, आणि आता गावोगावी मंडळं आहेत. आमच्याकडच्या एका मंडळात मी दोनेक वर्षं होते. गणपतीत लॉर्ड मेयरना बोलावतात, फेटा बांधतात, फोटो काढतात. हॉल उघडून देणाऱ्या पोलिश केअरटेकरला जेवायला बस म्हणायचं कुणाला सुचत नाही. वाकड आम्ही सामानात भरूनच आणलेलं असतं.

आणि वाकडात मी कोण? ठरावाच्या पुढच्याच दिवशी सेक्रेटरींचा खासगी मेसेज आला. “ताई, रागावू नका. एक दिवसाचा महाप्रसाद तुमच्यातर्फे लावू का? फ्लेक्सवर नाव टाकतो, ‘यूकेस्थित’ असं.” भाडेकरूंवर भार नको आणि माझ्यावर मात्र चालेल, कारण मी पौंडांत आहे. मी त्यांना कळवलं की माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या हिशेबात मी परदेशी स्रोत ठरते. माझी वर्गणी सोसायटीच्या मंडळाला घ्यायची तर आधी केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि पैसे यायला हवेत दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत. वाकडच्या मोदकांना संसद मार्गाचा वळसा. सेक्रेटरी म्हणाले, “मग आईंच्या खात्यात टाका ना.” तेही खरंच. नातलगाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत पाठवलं तर सरकारला कळवावंही लागत नाही. भारत सरकारला मी मुलगी म्हणून चालते, वर्गणीदार म्हणून चालत नाही.

मला फ्लेक्स नको आहे, हे मी सेक्रेटरींना स्पष्ट लिहिलं. काम द्या म्हटलं. आवक-जावकीचा तक्ता मी इथून ठेवते, रोज रात्री तुमच्याकडच्या पावत्यांचे फोटो पाठवा, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना वाचता येईल अशा शीटमध्ये भरलेलं असेल. टोम्बोलाचा गल्ला मोजलाय, एवढं जमेल. आणि पावतीपुस्तक घेऊन खाली गेटवर जा. रात्रपाळीच्या दोघांकडून अकरा रुपये घ्या, एकवीस घ्या, त्यांना द्यायचे तेवढे घ्या, पण नाव लिहून पावती फाडा. भाडेकरू मुलांकडून पूर्ण वर्गणी घ्या आणि विसर्जनाची मिरवणूक त्यांच्याकडे सोपवा. पंगत वाढायला वॉचमनना बोलवा. तुमच्यापैकी कुणापेक्षाही त्यांचा हात त्यात जास्त बसलेला आहे. ते वाढताना गेट दोन तास कमिटीनं सांभाळावं.

गेट सांभाळण्याचं वाचून काका पुन्हा ग्रुपवर आले. ती जबाबदारी एजन्सीची आहे, सोसायटीच्या उपविधीत बसत नाही म्हणाले. उपविधी मी डाउनलोड करून घेतले आहेत.